ब्रेक ऑईल जातंय कुठे? गळती शोधणं आणि दुरुस्ती: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं आपल्याकडच्या नेहमीच्या कारसाठी आहेत: पुढे डिस्क, मागे ड्रम, हाताने टाकायचे गिअर. चारही चाकांना डिस्क असतील तर ड्रमचा भाग सोडून बाकी सगळं लागू पडतं. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांची ब्रेक यंत्रणा वेगळी असते, तिला घरी हात लावू नका.

बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑईल कमी झालंय. वरून टाकलं तर चालेल ना?

टाकता येईल, पण ते गेलं कुठे हे कळल्याशिवाय विषय संपत नाही. इंजिन ऑईल थोडंफार जळतं. ब्रेक ऑईल बंद यंत्रणेत असतं, ते जळत नाही आणि वापरून संपतही नाही. लेव्हल उतरायला दोनच कारणं: पॅड-लायनर (डिस्कला घासतात ते पॅड, ड्रमला घासतात ते लायनर) झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळतंय.

पॅड झिजले की कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन तेवढा बाहेर सरकतो आणि त्याच्या मागची जागा भरायला डबीतलं ऑईल खाली उतरतं. हे इतकं सावकाश होतं की हजारो किलोमीटरनंतर लक्षात येतं. म्हणून आधी पॅड बघा. पॅड पातळ झालेत आणि लेव्हल डबीवरच्या मिनच्या (MIN) रेघेच्या वर आहे, तर ऑईल टाकूच नका. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की लेव्हल आपोआप वर येते. मधल्या काळात कुणी हौसेने डबी काठोकाठ भरली असेल तर तेच ऑईल उलटून बॉनेटखालच्या रंगावर सांडतं आणि रंग फुगून निघतो.

पॅड जाड आहेत, लायनरही ठीक आहेत आणि तरी लेव्हल उतरली, तर गळती धरून चाला. आजच्या लेव्हलवर मार्करने रेघ मारा, शेजारी तारीख घाला. सर्व्हिसिंगला गाडी दिल्यावर 'ऑईल टॉप-अप केलं' एवढंच बिलावर लिहून येत असेल तर का कमी झालं होतं ते विचारा. हा प्रश्न विचारणारी गिऱ्हाईकं फार थोडी.

हँडब्रेक सोडलाय, तरी लाल दिवा जात नाही. म्हणजे गळतीच का?

बहुतेक गाड्यांत हँडब्रेकचा आणि ब्रेक ऑईल लेव्हलचा दिवा एकच असतो. डबीत एक तरंगणारा फ्लोट असतो, तो खाली गेला की दिवा लागतो. वळणावर किंवा उतारावर दिवा क्षणभर लुकलुकून जात असेल तर ऑईल मिनच्या जवळ आहे असं समजा. गाडी कलली की डबीतलं ऑईल एका बाजूला जातं.

हँडब्रेकचा स्विच अडकलेला असू शकतो, उंदराने फ्लोटची वायर कुरतडलेली असू शकते. पण हे शोधायचं नंतर. आधी गाडी बाजूला घ्या, बॉनेट उघडा आणि डबी डोळ्यांनी बघा. उलट बाजूही लक्षात असू द्या: दिवा बंद आहे म्हणून गळती नाही असं मुळीच नाही.

गाडीखाली डाग दिसतोय. ब्रेक ऑईलचाच आहे हे कसं ओळखायचं?

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि त्यावर चारही चाकांच्या जागा आखून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून निम्मं काम होतं. चाकाच्या आतल्या बाजूला डाग असेल किंवा टायरच्या आतल्या भिंतीवर ओलसर ओघळ असेल तर ब्रेकचा संशय घ्या. पुढे उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या पायांच्या पुढे डाग असेल तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑईल पाईपात ढकलतो तो) किंवा क्लचचा सिलिंडर बघा. इंजिनच्या बरोबर खाली असेल तर बहुधा दुसरंच काही.

मग थेंब बोटावर घ्या. ब्रेक ऑईल इंजिन ऑईलपेक्षा पातळ, गुळगुळीत, नवं असताना जवळजवळ रंगहीन किंवा फिकट पिवळं, जुनं झाल्यावर तपकिरी. खात्रीसाठी वाटीभर पाण्यात तो थेंब सोडा. ब्रेक ऑईल पाण्यात विरघळतं. इंजिन ऑईल, गिअर ऑईल, पॉवर स्टिअरिंगचं ऑईल तवंग होऊन वर राहतं. कूलंटही पाण्यात मिसळतं, पण त्याला हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी रंग दिलेला असतो. एसीचं पाणी तर नुसतं पाणीच. उन्हाळ्यात त्या डबक्याला घाबरून गाडी घेऊन येणारे पुष्कळ.

चाकाजवळच्या दोन गोष्टी हमखास फसवतात. ॲक्सलचं रबरी बूट फाटलं की आतलं ग्रीस रिमच्या आत सगळीकडे उडतं, पण ते काळं आणि चिकट असतं. शॉक ॲब्सॉर्बर गळत असेल तर त्याच्या नळीवर धुळीचा ओला थर जमतो. तो डाग वरून खाली आलेला दिसतो, ब्रेकच्या पाईपपासून निघालेला नसतो.

एक सांगून ठेवतो: जुने मिस्त्री थेंब जिभेला लावून ओळखायचे, तसलं काही करू नका. ब्रेक ऑईल विषारी आहे. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून लांब ठेवा. डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि डॉक्टरकडे जा.

नुसतं पेडल दाबून काही कळतं का?

पुष्कळ कळतं. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबून सोडा म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या मोठ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होतं. आता नेहमी ब्रेक मारताना जेवढा जोर लावता तेवढाच जोर लावून पेडल दाबून धरा आणि मिनिटभर पाय हलवू नका.

पेडल जागच्या जागी राहिलं तर उत्तम. पायाखालून सावकाश सरकत खाली जात असेल तर दाब कुठूनतरी निसटतोय: बाहेर गळती, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतलं सील गेलंय. पेडल खाली जात नाही पण दाबताना मऊ, स्पंजासारखं लागतं, तर पाईपात एअर आहे. पहिल्यांदा बरंच खाली जातं आणि दोन-तीनदा पंप मारल्यावर वर येतं, तर एअर तरी आहे किंवा मागच्या ड्रममधले लायनर ढिले सेट झालेत. या दुसऱ्या प्रकारात लायनर ॲडजस्ट केल्यावर काम होतं आणि मास्टर सिलिंडर उगाच बदलला जात नाही.

आता पेडल दाबलेलंच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल जरासं खाली सरकेल. ते बूस्टरचं काम, तो बिघाड नव्हे.

बाहेर एक थेंब नाही, तरी लेव्हल दर महिन्याला खाली. हे काय गौडबंगाल?

अशा केसमध्ये लोक 'उडून जात असेल' म्हणून सोडून देतात. उडत नाही. चार जागा बघायच्या.

पहिली जागा मागचा ड्रम. त्यातल्या व्हील सिलिंडरच्या (लायनर ड्रमवर दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. आतलं कप सील गळायला लागलं की ऑईल आधी त्या टोपीत साठतं, मग ड्रमच्या आत पाझरून लायनरच्या भुकटीत मुरतं. बाहेर यायला बरेच दिवस लागतात. ड्रम काढून टोपीची कड बारीक स्क्रूड्रायव्हरने हळूच उचला. आत नुसती ओल असेल तर लक्ष ठेवा. थेंब खाली पडला तर सिलिंडर गेला.

दुसरी जागा ब्रेक बूस्टर. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं तर ऑईल बूस्टरच्या मोठ्या डब्यात जातं आणि तिथेच साठत राहतं. काही वेळा इंजिन ते व्हॅक्यूमच्या नळीतून ओढून घेतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, मग बिचारं इंजिन खोललं जातं. मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे जोडतो त्या सांध्याखाली बोट फिरवा. ओलं लागलं किंवा तिथला काळा रंग पापुद्र्यासारखा सुटत असेल तर दोन्ही नट सोडून मास्टर सिलिंडर पुढे ओढून मागची बाजू बघा. बऱ्याच गाड्यांत पाईप न सोडता तेवढी जागा मिळते.

तिसरी जागा क्लच. क्लच हायड्रॉलिक असेल तर पुष्कळ गाड्यांत त्याचं ऑईल ब्रेकच्याच डबीतून जातं. डबीच्या बाजूने एक बारीक रबरी नळी क्लचकडे गेलेली दिसेल. क्लचचा सिलिंडर गळला तरी ब्रेकची लेव्हल उतरते आणि मिस्त्री चाकांशी झुंजत बसतो. डबीत ती नळी मुद्दाम वरच्या अंगाला दिलेली असते, म्हणून एका पातळीच्या खाली ऑईल जात नाही आणि ब्रेक शाबूत राहतात. गिअर नीट पडत नसतील, क्लच पेडल वर यायला आळस करत असेल तर आधी इकडे बघा. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचलून कार्पेट चाचपायला विसरू नका.

चौथी जागा गाडीखालचे पाईप. गळती बारीक असेल तर ऑईल पाईपवरच्या चिखलात मुरतं आणि खाली पडत नाही.

आणि लेव्हल अजिबात उतरत नाही, तरी पेडल खाली जातं?

मास्टर सिलिंडर आतल्या आत दाब सोडतोय. पिस्टनवरचं रबर झिजलं की ऑईल पुढे दाबलं जाण्याऐवजी कडेने मागे, डबीकडेच परत येतं. बाहेर काही दिसणार नाही. ओळखायची खूण: जोरात ब्रेक मारला तर नीट लागतो, सिग्नलला हलका पाय ठेवून उभं राहिलं की पेडल उतरत जातं. यावर इलाज मास्टर सिलिंडर बदलणं, दुसरा नाही.

नेमकी जागा घरी कशी शोधायची?

धुतल्याशिवाय शोधू नका. चिखल आणि जुनं ग्रीस यांच्या थरात ताजी ओल दिसत नाही. चाकं काढायची, म्हणजे गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर हवी, आणि जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. जॅकही हायड्रॉलिकच असतो आणि त्याचंही सील कधीतरी जातं.

प्रत्येक चाकाजवळ ब्रेक क्लीनर मारून कापडाने कोरडं करा: कॅलिपर, होज पाईप, सांधे, एअर काढायचं निपल. मग एकाला आत बसवून पेडल जोरात दाबून धरायला सांगा आणि तुम्ही बॅटरी घेऊन बघा. रबरी होज हाताने वाकवून बघा. वरून धड दिसणारा होज वाकवल्यावर बारीक भेगा दाखवतो, आणि त्याच्या टोकाला जिथे लोखंडी बुश दाबलेलं असतं तिथेच बहुतेकदा घाम फुटतो. दाब दिल्यावर होज फुगत असेल तर गळत नसला तरी बदला. कॅलिपरला पिस्टनच्या धुळीच्या रबराखाली ओल बघा. ड्रमला मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला ओघळ बघा. मग मास्टर सिलिंडरकडून निघणारा प्रत्येक पाईप बोटाने चाचपत मागपर्यंत जा. जिथे पाईप क्लिपमध्ये बसवलाय तिथे थांबून नीट बघा.

पाईप गंजून गळतोय. तेवढाच तुकडा कापून जोडता येईल?

कोकणपट्टीत आणि गोव्यात ही तक्रार घाटावरच्यापेक्षा जास्त. खारी हवा, चार महिने पाऊस आणि क्लिपमध्ये अडकून राहिलेला ओला चिखल. पाईप मधोमध चकचकीत असतो आणि क्लिपच्या खाली सडलेला. मागच्या ॲक्सलवरचा आणि पेट्रोलच्या टाकीवरून गेलेला भाग सगळ्यात आधी जातो.

जोडता येतो, पण जोड कसा त्याला महत्त्व आहे. ब्रेक मारताना या पाईपात शंभर बारपर्यंत दाब जाऊ शकतो. टायरमधली हवा सव्वादोन बारच्या आसपास असते, त्यावरून अंदाज करा. रबरी नळीचा तुकडा घालून दोन्ही बाजूंनी क्लिप आवळणं, एम-सील लावणं, पितळी डाग देणं, हे प्रकार पहिल्या जोरदार ब्रेकला उखडतात. नटाच्या आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळायची सवय नळजोडणीतून आलीय. इथे सील आट्यांवर होतच नाही, पाईपच्या फुलवलेल्या तोंडावर होतं. टेपचे तुकडे मात्र आत जाऊन बारीक वाटा बंद करतात.

योग्य रीत अशी: एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत पूर्ण पाईप बदलायचा. तयार मिळत नसेल तर ब्रेकसाठीचाच स्टीलचा किंवा तांबं-निकेलचा पाईप घेऊन तोंड फुलवून घ्यायचं. हे तोंड दोन तऱ्हांचं असतं, एक आत दुमडलेलं आणि एक बुडबुड्यासारखं. जुन्या पाईपचं होतं तेच हवं. एकाच्या जागी दुसरं आवळून बसवलं तरी आज-उद्या गळणारच. एसी-फ्रिजवाल्याकडचा साधा तांब्याचा पाईप लावू नका. तो वाकवायला सोपा पण थरथरीने तडकतो.

पाईपचे नट गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि साध्या फिक्स पान्याऐवजी नटाला जवळजवळ चारी बाजूंनी धरणारा, ब्रेक पाईपसाठी मिळणारा, एका बाजूला फट असलेला रिंग पाना वापरा. नट गोल झाला की पाच मिनिटांचं काम दुपार खातं.

व्हील सिलिंडरला किट टाकू की पूर्ण बदलू?

सिलिंडर उघडून आत बोट फिरवा. भिंत गुळगुळीत असेल, नुसता मळकट डाग असेल तर रबर किट टाकलेलं टिकतं. खड्डे लागले, गंजाची खरड लागली तर नवं रबर त्यावर काही महिन्यांत फाटतं. पॉलिश पेपर मारून खड्डा घालवायच्या भानगडीत पडू नका. तेवढं घासलं तर माप वाढतं. आमचं सरळ मत: पावसाळी भागातल्या जुन्या गाडीला पूर्ण सिलिंडरच टाका. किटमध्ये वाचलेले पैसे पुन्हा ड्रम खोलण्याच्या मजुरीत जातात. आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला, कारण दोघांचं वय एकच.

कॅलिपरचं वेगळं आहे. त्यात सील कॅलिपरच्या भिंतीत बसवलेलं असतं आणि पिस्टन त्यातून सरकतो, त्यामुळे पिस्टन स्वच्छ आणि खड्डे नसलेला असेल तर सील किटने चांगलं काम होतं. होज कॅलिपरला पोकळ बोल्टने जोडलेला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घाला. चिमूटभर किमतीचे ते वॉशर, पण जुनेच पुन्हा लावले म्हणून दुरुस्तीनंतर तिथूनच गळणाऱ्या गाड्या कमी नाहीत. काम चालू असताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

लायनर ऑईलने भिजलेत. धुऊन, पेटवून वापरता येतात म्हणे?

नाही. लायनर-पॅड सच्छिद्र असतात, ऑईल आतपर्यंत जातं. पेट्रोलने धुवा, जाळा, वरून घासा. गरम झाले की आतलं ऑईल पुन्हा वर येतं आणि त्या बाजूचं चाक कमी धरतं किंवा एकदम अडकतं. भिजलेला एकच असला तरी त्या ॲक्सलचे दोन्हीकडचे बदलायचे. ड्रम किंवा डिस्क मात्र ब्रेक क्लीनरने पुसून परत वापरता येते. ड्रममधली भुकटी तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या कापडाने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

डॉट ३, डॉट ४, डॉट ५: कुठलं टाकायचं?

डॉट म्हणजे ब्रेक ऑईलचा दर्जा. डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ एकाच जातीची आहेत. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, उलट करू नका. डॉट ५ मात्र सिलिकोनचं, त्याचं बाकीच्यांशी जमत नाही. ५ आणि ५.१ मध्ये गल्लत होऊ देऊ नका.

आकडे सांगायचे तर नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. हे ऑईल हवेतली ओल शोषतं, आणि पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेलं की डॉट ३ चा आकडा १४० पर्यंत आणि डॉट ४ चा १५५ पर्यंत उतरू शकतो. कुंभार्लीसारखा लांब घाट पाय ब्रेकवर ठेवून उतरताना एवढं तापमान गाठणं अवघड नाही. मग ऑईलची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. थांबून गाडी थंड केली की ब्रेक परत येतो, डबी भरलेली, गळती कुठेच नाही. मिस्त्री म्हणतो सगळं ठीक आहे. ठीक नसतं, ऑईल बदलायला हवं. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

चुकून डबीत इंजिन ऑईल पडलं. काय करू?

गाडी सुरू करू नका, पेडलला पाय लावू नका. ब्रेकची रबरं खनिज तेलात फुगतात. पेडल दाबलेलं नसेल आणि लगेच लक्षात आलं असेल तर डबी उपसून, काढून, साफ करून सुटका होऊ शकते. गाडी चालवली असेल तर मास्टर सिलिंडर, होज, कॅलिपरची सीलं, व्हील सिलिंडर, जिथे जिथे रबर आहे ते सगळं बदलावं लागतं आणि पाईप धुवावे लागतात. खूण म्हणजे झाकणाखालचा रबरी पडदा. तो फुगून, वेडावाकडा होऊन जागेवर बसत नसेल तर कुणीतरी चुकीचं ऑईल टाकलंय. जुनी गाडी विकत घेताना हे झाकण जरूर उघडून बघा.

दुरुस्तीनंतर एअर कशी काढायची?

दोन माणसं, रिंग पाना, निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी आणि तळाशी थोडं नवं ऑईल घातलेली बाटली. नळीचं टोक ऑईलमध्ये बुडलेलं राहू द्या. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत साधारणपणे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही कंपन्यांचा क्रम वेगळा असतो, मॅन्युअल असेल तर तो पाळा.

आतल्या माणसाने पेडल सावकाश दाबायचं आणि 'धरलं' म्हणायचं. बाहेरच्याने निपल पाव आटा सैल करायचं, ऑईल आणि बुडबुडे नळीतून जाऊ द्यायचे, निपल बंद करायचं आणि मगच 'सोड' म्हणायचं. गडबड इथेच होते. निपल उघडं असताना पेडल सुटलं की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑईल येईपर्यंत करत राहा. दर चार-पाच वेळा दाबल्यावर डबीत बघा. डबी रिकामी पडली तर मास्टर सिलिंडरच हवा घेतो. नळीतून बाहेर आलेलं ऑईल परत डबीत ओतायचं नाही.

गाडी जुनी असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या खालच्या टोकापर्यंत कधी जात नाही, तिथे मळ आणि गंज जमलेला असतो. एअर काढताना पेडल पार तळाला नेलं तर सील त्या गंजावर घासून फाटतं. 'ब्रेकचं काम केलं आणि दुसऱ्याच दिवशी मास्टर सिलिंडर गेला' यामागे पुष्कळदा हेच असतं.

कितीही केलं तरी पेडल मऊच असेल तर डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झालाय का बघा. निपल वरच्या बाजूलाच हवं. खाली आलं की हवा वर अडकून बसते, ती कधीच निघत नाही.

एबीएस असेल तर?

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या कारना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, म्हणजे बहुतेक नव्या गाड्या यात आल्या. चाकाजवळचं काम केलं आणि डबी रिकामी पडली नाही, तर वरची रीत चालते. हवा एबीएसच्या ठोकळ्यात शिरली असेल तर आतले व्हॉल्व्ह स्कॅनरने चालवून ती काढावी लागते. तो ठोकळाच गळत असेल तर घरी उघडायचा नाही.

गळती सापडली. गॅरेजपर्यंत चालवत नेऊ का?

नका. ब्रेक ऑईलची दोन वेगळी सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं ब्रेक लावतं हे खरं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत एका सर्किटवर पुढचं एक आणि मागचं तिरकं समोरचं चाक असतं. पण अर्ध्या ब्रेकवर गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर घेते, पेडल खोल जातं, आणि त्याच वेळी समोर शाळेची मुलं यायची असतात. इन्शुरन्ससोबत रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर फ्लॅटबेड मागवा. दोरी बांधून ओढत नेणं सगळ्यात वाईट, कारण थांबायला ब्रेकच लागतो.

घाट उतरताना पेडल एकदम तळाला गेलं तर?

भराभर पंप मारा, दुसऱ्या सर्किटचा किंवा उरलेल्या ऑईलचा दाब मिळू शकतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक बटण दाबलेलं ठेवून थोडा थोडा ओढा. तो केबलवर चालतो, ऑईलशी संबंध नाही. एकदम ओढला तर मागची चाकं घसरतात. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत बटण ओढून धरल्यावर गाडी थांबते. पार्किंगचे लुकलुकणारे दिवे (हॅझर्ड), हॉर्न चालू. चावी बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं आणि चावी काढली तर लॉक होतं. तरीही थांबत नसेल तर दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूच्या कठड्याला, गटाराला गाडी घासत न्या.

गाडी वर्षभर गावाला उभी असते, गणपतीलाच निघते. काही करायला हवं?

निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, चार दिवस आधी बघा. उभ्या गाडीत व्हील सिलिंडरच्या भिंतीला गंज चढतो आणि पहिल्या ब्रेकला सील त्यावर घासतं. पेडलची मिनिटभराची परीक्षा घ्या, अंगणात दहा-वीस वेळा ब्रेक मारा, दुसऱ्या दिवशी लेव्हल आणि चाकांची आतली बाजू परत बघा.

गाडी पुरात बुडाली असेल तर ब्रेक ऑईल सरसकट बदला आणि ड्रम खोला. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी शिरलं तेव्हा गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. अशा गाडीचं इंजिन, सीट, वायरिंग यांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. ड्रममधल्या गाळाकडे जात नाही आणि व्हील सिलिंडर नंतर गळायला लागतात.

खर्च किती?

गाडीप्रमाणे बदलतो. होज, वॉशर, व्हील सिलिंडर हे छोट्या गाडीत शेकड्यांतलं काम, मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर हजारांत, एबीएसचा ठोकळा दहा हजारांच्या पुढे. ब्रेकचे पार्ट ओरिजिनल किंवा नावाजलेल्या कंपनीचेच घ्या, आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या.

बाटलीत ऑईल उरलंय. पुढच्या वेळी वापरू?

सील उघडल्यावर ते ओल खायला लागतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात जरा जास्तच. झाकण घट्ट लावून ठेवलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत टॉप-अपला वापरा, पुढच्या वर्षीसाठी ठेवू नका. लहान बाटल्या घेतल्या की हा प्रश्न येत नाही. जुनं ऑईल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका, वेगळ्या बाटलीत भरून वापरलेलं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. गेटच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला वगैरे घालू नका. वंगण म्हणून कुचकामी, आणि गेटचा रंग जाईल तो वेगळाच.